सहा कॅमेऱ्यांसाठी जुना आय५ चालेल का?
चौथ्या पिढीचा आय५ (इंटेलचा प्रोसेसर) असलेला पीसी पडून आहे, तोच सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगला लावू का, या प्रश्नावर: कॅमेरे एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वापरणारे असतील तर नको. त्याच्या क्विक सिंकला, म्हणजे चिपमधल्या व्हिडिओ हाताळणाऱ्या भागाला, एच.२६५ उलगडता येत नाही, सगळा भार सीपीयूवर येतो. ती सोय सहाव्या पिढीपासून आहे. इंटेलचाच एन१०० प्रोसेसर असलेला मिनी पीसी घ्या, वीजही कमी खातो. मात्र बहुतेक मिनी पीसीत ३.५ इंची डिस्क बसत नाही, ते आधी बघा. हालचाल ओळखायला सबस्ट्रीम (कॅमेरा सोबत पाठवतो ते कमी रिझोल्यूशनचं चित्रण) द्या, मुख्य स्ट्रीम नुसती साठवा.

डिस्कचा हिशोब: ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी, सहांचे सुमारे २६०. म्हणजे ४ टीबीत जेमतेम १५ दिवस. डिस्क सीएमआरच (डेटाच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठेवणारी) हवी. एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवणारी) जुनं पुसून नवं लिहिताना अडखळते आणि रेकॉर्डिंगचे नेमके हवे ते तुकडे गळतात.