जीपला ३१ इंची टायर टाकले, आता चढाला दम लागतोय. क्राउन-पिनियन कुठलं घालू? (सोलापूर)

तेरा_नंबरवाला

नमस्कार मंडळी. जुन्या जीपचा विषय आहे, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी महिंद्राची जुनी फोर व्हील जीप. २५२३ सीसीचं डीआय इंजिन, चार गिअर, टॉप सरळ १:१. वडिलांनी सेकंड हँड घेतलेली, आता माझ्या गळ्यात. शेत मंद्रूपच्या पुढे, भारी काळं रान. हस्ताच्या पावसात ती माती ज्यांनी तुडवली आहे त्यांना सांगायला नको, पाय घरी येतो आणि चप्पल रानातच राहते. मागच्या पावसाळ्यात हाउसिंग (दोन चाकांमधला लोखंडी खोका, क्राउन-पिनियनची दातांची जोडी त्याच्यातच असते) चिखलात टेकून गाडी दोनदा बसली. दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढली, दोन्ही वेळा शेजाऱ्याचं भाषण ऐकलं.

म्हणून उन्हाळ्यात पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलून गाडी दोन इंच उचलली आणि २१५/७५ आर १५ काढून ३१ बाय १०.५ आर १५ टाकले. पाट्यांनी बॉडी उचलते, हाउसिंग जागेवरच राहतं, हे पैसे गेल्यावर कळलं. हाउसिंग वर घेतं ते टायर, तेही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्मं. माझ्याकडे ते चार सेंटिमीटर आलं. पण त्या चार सेंटिमीटरनी रानातलं काम झालं, तिथे तक्रार नाही.

तक्रार डांबरावर आहे. तुळजापूरचा चढ जी गाडी तिसऱ्यात गुणगुणत चढायची, ती आता दुसऱ्यात रडते. मागे डाळिंबाचे क्रेट असले की पहिल्यात उचलतानाच क्लचचा वास येतो. चौथा टाकावा असं सपाट पुणे रोडलाही वाटत नाही. अ‍ॅव्हरेज १३ वरून साडेदहावर आलंय.

रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो, ते मोजून काढलं. मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर दगड लावून, गिअर न्यूट्रल. शाफ्टवर खडूची रेघ, पुतण्या खाली आडवा पडून मोजतोय, मी चाक फिरवतोय. एकच चाक फिरत असल्याने चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. चाकाचे वीस फेरे झाले तेव्हा शाफ्टचे सदतीस आणि पावपेक्षा थोडा जास्त. म्हणजे ३.७३, ४१ दाती क्राउन आणि ११ दाती पिनियन.

आता हिशोब. जुना टायर ७०३ मिलिमीटर, नवा ७८७. बारा टक्के वाढ. म्हणजे ३.७३ असूनही गाडीला ३.३३ असल्यासारखं ओढावं लागतंय. पूर्वीसारखं करायचं तर ३.७३ गुणिले १.१२, म्हणजे ४.१७ हवं. ते मिळत नाही. जवळचे ४.१, ४.२७ आणि ४.३. टॉप गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिनाचे फेरे असे येतात: जुन्या टायरवर २२५०, आत्ता २०१०, ४.३ टाकलं तर २३२०, ४.८८ ला २६३०. एका मित्राकडे जुन्या जीपचं ५.३८ पडून आहे, फुकट देतो म्हणतोय. त्याला २९०० येतात, आणि हे इंजिन ३२०० च्या आसपास संपतं. म्हणजे ८८ ला गाडी किंचाळणार. फुकट असलं तरी नको.

तर माझं मन ४.३ वर आहे. अडचण इथे आहे की आमचे मिस्त्री म्हणतात, "मागचं तेवढं बदलू, पुढचं कशाला? वर्षातनं फोर व्हील किती वेळा लावता तुम्ही?" मागच्याचे त्यांनी अठरा हजार सांगितलेत, दोन्हीचे दुप्पट. खरंच मागचं एकच बदलून चालेल का? आणि सोलापुरात डायल (बारीक माप घेणारं घड्याळ) लावून बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) बघणारं कुणी माहीत आहे का? आमच्या मिस्त्रींचा डायल म्हणजे त्यांचा अंगठा.

ता.क. फोर व्हीलचा दांडा काढताना कायम अडकतो, थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो. ते वडिलांच्या वेळेपासून आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

उजनीकाठ

दादा, अ‍ॅव्हरेज आधी दुरुस्त करून घ्या. तुमच्या मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटून देणारा खोका) येते, ती शाफ्टचे फेरे मोजते, टायर केवढा आहे ते तिला कळत नाही. मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी ६७ ला असते. किलोमीटरही तसेच कमी लागतात. साडेदहा नाही, पावणेबाराच्या आसपास पडतंय. मोबाईलवर ताडून बघा.

आणि एक स्वस्त उपाय सांगतो, राग मानू नका. ३१ विकून २३५/७५ आर १५ घाला. जुन्यापेक्षा चार टक्केच मोठा. हाउसिंगला हातच लावू नका.

तेरा_नंबरवाला

मीटरचं डोक्यातच आलं नव्हतं. मोबाईलवर बघितलं, ६० ला ६७ च. २३५ चा विचार केला होता, पण मग हाउसिंग फक्त दीड सेंटिमीटर उचलतं, आणि शेजारी अजून जिवंत आहे.

पाना_बावीस

लो गिअर (जास्त जोराचा, हळू चालणारा) आहे ना गाडीला? मग चढाला लो टाका की.

तेरा_नंबरवाला

या गाडीत लो टाकायला आधी पुढचं जोडावं लागतं. डांबरावर फोर व्हील लावून तुळजापूर चढलो तर आईच्या दर्शनाआधी ट्रान्सफर केसचं दर्शन होईल.

जुनाखडखड्या

भाऊ, मागचं एकच बदलायचं असेल तर पुढचा शाफ्ट काढून घरी ठेवा आणि गाडी टू व्हील आहे असं समजा. मागे ४.३, पुढे ३.७३ झालं तर मागचं चाक १०० फूट जाईल तेव्हा पुढच्याला ११५ फूट जायचं असतं. ट्रान्सफर केसमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले, मधे तडजोड करणारं काही नाही. चिखलात टायर घसरून भागवतात. पण एका चाकाखाली दगड आला, पकड मिळाली, की क्रॉस (शाफ्टचा सांधा), शाफ्ट नाहीतर क्राउन, जे कच्चं असेल ते जातं. आणि तुम्हाला फोर व्हील वर्षातून चारदाच लागते, पण ती नेमकी तेव्हाच लागते.

दुसरं, जे मिस्त्री सहसा सांगत नाहीत. मागचं हाउसिंग डाना ४४ जातीचं असेल तर ३.७३ पर्यंत एक केस (क्राउन ज्याच्यावर बसतं तो आतला भाग) लागते आणि ३.९२ पासून वर दुसरी. रेशो वाढला की पिनियन बारीक होतं, मग क्राउनला त्याच्याजवळ सरकून बसावं लागतं. तुम्ही बरोबर उंबऱ्यावर आहात. नुसतं ४.३ चं क्राउन-पिनियन आणलंत तर जुन्या केसवर ते पिनियनपर्यंत पोचणारच नाही. मग कुणीतरी जाड वॉशर घालून "बसवतो" म्हणेल. त्या दुकानातून उठून या.

जोडी एकत्रच घ्या. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून तयार केलेले असतात, दोन्हीवर एकच नंबर असतो. भंगारातून एक इथलं, एक तिथलं असं केलं तर रडणारं हाउसिंग मिळतं. बेअरिंग आणि सील नवीन टाका. बॅकलॅश डायलवर पंधरा ते वीस शतांश मिलिमीटर. दातांना रंग लावून फिरवा, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, टोकाला किंवा बुडाला नको.

आणि कृपा करून पुढचे दातही मोजा. पुढचं ३.७३ आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. तो ता.क. मला खटकतोय.

कागदपत्रे_दाखवा

मधेच कडू बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही. क्राउन-पिनियन आत असतं, पण ३१ चा टायर चौकातून दिसतो. पासिंगला आणि विम्याच्या क्लेमला प्रश्न येऊ शकतो. जुने टायर विकू नका एवढंच.

तेरा_नंबरवाला

जुने टायर माळ्यावर आहेत. विकत नाही.

जुनाखडखड्या काका, तुमच्या पाया पडतो. आज सकाळी पुढचं चाक उचललं, हब लॉक केले (म्हणजे चाक हाउसिंगला जोडलं), परत खडू, परत पुतण्या. वीस फेऱ्यांना शाफ्टचे बेचाळीस झाले आणि रेघ थांबायला तयार नाही. पावणेत्रेचाळीसला थांबली. विश्वास बसेना म्हणून पुतण्याला वर बोलावून मी स्वतः खाली गेलो. परत पावणेत्रेचाळीस. म्हणजे पुढचं ४.२७ आहे!

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, आपण घेतली तेव्हा आधीच्या मालकाने मागचं हाउसिंग फुटलं म्हणून दुसऱ्या गाडीचं घातलं होतं. इतकी वर्षं कुणी दात मोजले नाहीत. दांडा अडकतो, गाडी म्हातारी झाली, असंच सगळे म्हणत आलो.

जुनाखडखड्या

दांडा म्हातारपणाने अडकत नव्हता, दोन हाउसिंग एकमेकांना पिळत होती. रिव्हर्स घेतलं की पीळ सुटायचा.

आता तुमचं काम सोपं झालं. मागचं ४.२७ मिळालं तर उत्तम, ४७ आणि ११ दात. नाही मिळालं तर ४.३ चालेल, फरक एका टक्क्याच्याही आत आहे, टायरची झीज मागेपुढे झाली तरी तेवढा पडतोच. केस मात्र वरची लागणार. अख्खं हाउसिंग मिळत असेल तर पैसे देण्याआधी दात मोजा, पाट्याच्या बैठकीचं अंतर आणि रुंदी टेपने बघा.

बसवल्यावर पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. पाचशे किलोमीटरपर्यंत क्रेट नाही, ट्रॉली नाही. मग तेल बदला, जुन्या तेलात चंदेरी भुकटी दिसेल, घाबरू नका. कणी दिसली तर घाबरा.

तेरा_नंबरवाला

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टर्नरकडे डायल आहे असं कळलंय, तो रविवारी येतो म्हणाला. मिस्त्रींना सांगितलं की तुम्ही म्हणता तसं मागचं एकच बदलतोय. ते खूष आहेत, "मी आधीच बोललो होतो" म्हणाले. कारण वेगळं आहे हे अजून सांगितलेलं नाही.

४.२७ चं मागचं हाउसिंग किंवा केससकट जोडी कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पंढरपूर, बार्शी, विजापूरपर्यंत येऊन घेऊन जाईन.