ठाण्यात नवीन आहे, ब्रँडेड कपडे सवलतीत कुठे आणि कसे घ्यावेत?

घोडबंदर_नवखा
नागपूरहून ठाण्यात आलोय. राहायला घोडबंदर रोड, ऑफिस ऐरोलीत. सहा फॉर्मल शर्ट, तीन ट्राउझर्स आणि एक जीन्स घ्यायची आहे, बजेट १२,००० रुपये. शर्टाचा साइझ ४०, कंबर ३४. माल ओरिजिनल हवा, मागच्या सीझनचा असला तरी चालेल. मॉलच्या सेलपर्यंत थांबावं, कंपनी आउटलेट शोधावं, की 'एक्स्पोर्ट सरप्लस' लिहिलेल्या दुकानात जावं?

ट्रान्सहार्बर
थांबा. सीझन संपतानाचे सेल वर्षातून दोनदा लागतात. पहिला जूनच्या अखेरीपासून जुलैभर, दुसरा डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीत. तुमचा साइझ ४० म्हणजे पहिल्या शनिवार-रविवारी संपणारा. शेवटच्या आठवड्यात सवलत वाढते, पण तेव्हा रॅकवर ३८ आणि ४४च उरलेले असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, दुकान उघडताना जा. आवडत्या ब्रँडच्या दुकानात आधीच मोबाइल नंबर नोंदवून ठेवा, बरेच ब्रँड सभासदांना दोन-तीन दिवस आधी सेल खुला करतात.

ऐरोलीहून वाशीची लोकल धरली की स्टेशनालगतच इनऑर्बिट आणि रघुलीला. पनवेलची गाडी मिळाली तर सीवूड्स-दारावेला उतरा, तिथे मॉल स्टेशनलाच जोडलेला आहे. ठाण्यात विवियाना (आता लेक शोअर) आणि कोरम हे मॉल, दोन्ही ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, एका संध्याकाळी उरकतात. गोखले रोड आणि राम मारुती रोडवर पायी फिरा, संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. आउटलेटसाठी ब्रँडच्या वेबसाइटवरच्या दुकानांच्या यादीत बघा. पाटीवर 'फॅक्टरी आउटलेट' लिहिलं म्हणून दुकान कंपनीचं ठरत नाही.

आणि आकडेमोड स्वतः करा. '५० + २० टक्के' म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के. 'दोनवर दोन मोफत'मध्ये कमी किमतीचे दोन फुकट जातात. १,९९९चे दोन, १,४९९चा एक आणि १,२९९चा एक असे चार शर्ट घेतले तर ६,७९६च्या मालाला ३,९९८ पडतात, म्हणजे सवलत ४१ टक्के. चारही एकाच किमतीचे निवडले तरच निम्म्यात मिळतात. छापील २,००० च्या आसपासचे शर्ट निम्म्यात, ट्राउझर १,२०० आणि जीन्स १,८०० पर्यंत मिळाली, तर तुमचं सगळं ११,४०० मध्ये बसतं. दुकानात घालून बघा, टॅगवरचा स्टाइल कोड टिपून घ्या आणि तोच कोड मिंत्रा, आजिओवर टाका. कधी कधी तिथे आणखी स्वस्त निघतो.

काजबटण
'सवलतीचा माल' हा एक प्रकार नसतो, चार असतात आणि चारही वेगळे तपासावे लागतात.

मागच्या सीझनचा माल सगळ्यात निर्धोक, शिलाई-कापड तेच असतं. मात्र तो गोदामात किती दिवस पडून होता ते बघा. पांढरा किंवा फिकट शर्ट उलगडून उजेडात धरा, घडीच्या रेषेवर पिवळट पट्टा दिसला तर ठेवून द्या, तो धुऊन जाईलच असं नाही. स्ट्रेच जीन्स गुडघ्यापाशी ताणून सोडा. कापड लगेच मूळ जागी आलं नाही तर त्यातला ताणला जाणारा धागा, म्हणजे इलास्टेन, थकलाय. पॉलियुरेथेनचं रेक्झिन जॅकेट आणि त्याच सोलचे बूट जुन्या साठ्यातून घेऊच नका. ते हवेतल्या ओलाव्यानेच खराब होतात, न वापरताही. आपल्याकडच्या दमट हवेत अशा जॅकेटचे पापुद्रे निघतात आणि सोलचा भुगा होतो.

दुसरा प्रकार आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला माल. लेबल खरं, पण कापड हलकं असू शकतं. छापील किमतीवरची टक्केवारी इथे निरर्थक. शोरूममधल्या शर्टाशेजारी धरून एका इंचात टाके किती, ते मोजा.

तिसरा, सेकंड्स, म्हणजे किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेला माल. दोन बाह्या आणि मुख्य भाग उजेडात शेजारी धरा. वेगवेगळ्या ताग्यांतून कापले असतील तर छटेत फरक दिसतो. टी-शर्ट खांद्याला धरून लोंबता ठेवा. बाजूची शिवण आत्ताच पुढे वळली असेल तर धुतल्यावर आणखी वळेल. काजं सगळी उघडलेली आहेत का आणि कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, हेही बघा.

चौथा, सरप्लस, म्हणजे निर्यातीच्या ऑर्डरमधून उरलेला माल. खरा सरप्लस असतो, पण तो साइझनुसार सलग मिळत नाही. एकाच डिझाइनमध्ये एस ते डबल एक्सएल सगळे साइझ, सगळे रंग, थप्पीच्या थप्पी दिसली तर तो सरप्लस नव्हे.

घोडबंदर_नवखा
खूप उपयोगी. दोन शंका. सरप्लसच्या दुकानात मानेवरचं लेबल अर्धं कापलेलं असतं, ते खरं धरायचं का? आणि काही ठिकाणी 'सवलतीनंतर जीएसटी वेगळा' अशी पाटी दिसते, ते बरोबर आहे का?

काजबटण
कापलेलं लेबल पुरावा नव्हे, कात्री कुणीही चालवू शकतं. आतल्या बाजूच्या शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी बघा. त्यावरचा स्टाइल कोड शोधून तोच कपडा समोर येतो का, ते तपासा. कोड भलत्याच कपड्याचा निघाला तर नक्कल. तरी शंका राहिली तर ब्रँड विसरा आणि कापड-शिलाईला योग्य वाटेल तेवढेच पैसे द्या.

बिल_पक्कं
छापील किमतीत म्हणजे एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. २,९९९ वर ५० टक्के म्हणजे १,४९९.५०, त्यावर पुन्हा कर मागणं चूक. आधीच विचारा, बिल झाल्यावर वाद घालून संध्याकाळ जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. ही मर्यादा छापील नव्हे तर प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीला लागते. म्हणून ३,५०० छापील असलेला शर्ट सेलमध्ये २,४०० ला मिळाला तर बिलावर ५ टक्केच दिसायला हवेत.

बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. साइझ चुकला तर मात्र कायदा धावून येत नाही, तिथे दुकानाचं धोरण चालतं आणि सेलमध्ये बहुधा फक्त बदली मिळते. 'सेकंड्स' म्हणून सांगून विकलेल्या दोषाबद्दल नंतर भांडता येत नाही. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कल्याण_लोकल
जीन्ससाठी उल्हासनगर का नाही? ठाण्याहून थेट लोकल आहे.

काजबटण
जीन्ससाठी जरूर, ब्रँडसाठी नाही. तिथे जीन्स शिवण्याचा मोठा धंदा आहे. स्थानिक नावाची जीन्स कापड आणि शिलाई बघून घेतली तर पैसे वसूल होतात. परदेशी ब्रँडचा टॅग लावून ६०० ला मिळणारी जीन्स मात्र नक्कल समजूनच सोडा.

एक राहिलं. ट्राउझरची लांबी कमी करून घ्यायची घाई करू नका. कापली की बदली मिळत नाही. आधी एकदा धुवा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. बदलीची मुदत उलटण्याआधी दोष दिसला तर कळवा, मगच शिंप्याकडे न्या. जीन्सची खालची दुमड मूळचीच हवी असेल तर 'ओरिजिनल हेम ठेवून' असं शिंप्याला नीट सांगा, नाहीतर तो साधी दुमड घालून देतो.