मदत हवी आहे: सोन्याच्या साठ्याचं सिम्युलेशन मध्येच अडतंय

नमस्कार मंडळी, मी मुंबईत भूशास्त्रात एमएस्सी करतेय. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीसारख्या, शिअर झोनमधल्या (खडक घासून सरकल्याने चिरडलेल्या पट्ट्यातल्या) सोन्याच्या साठ्याचं द्विमितीय मॉडेल 'मूस' (MOOSE) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये बांधलंय. खोलवरून वर येणारं गरम पाणी कुठे एकवटतं, त्याचा दाब कुठे एकदम उतरतो, ते बघायचंय. दाब उतरला की विरघळलेलं सोनं बाहेर पडू शकतं, म्हणून ड्रिलिंगला जागा निवडताना हे फार मोलाचं.

अडचण अशी, की शिअर झोनची पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज वाहतं ते) आजूबाजूच्या खडकाच्या १०,००० पट दिली की टाइम स्टेप (गणित पुढे सरकतं तो वेळेचा एकेक टप्पा) आक्रसत जाते आणि रन बंद पडतो. १०० पटीवर आणली तर सुरळीत चालतं, पण पाणी झोनकडे पुरेसं वळत नाही. असा निकाल मला पटत नाही.

झोनच्या कडेला मेश (गणितासाठी मॉडेलवर पाडलेली जाळी) बारीक करू, की पारगम्यता टप्प्याटप्प्याने वाढवू? ग्रीनस्टोन खडकांसाठी (हट्टीचं सोनं ज्या प्राचीन, रूपांतरित ज्वालामुखी खडकांत आहे ते) पारगम्यतेचे भरवशाचे आकडे कुठे मिळतील? इथे पायाखाली सगळा दख्खनचा बेसाल्ट, त्यामुळे ओळखीत या खडकांवर काम केलेलं कुणीच नाही. दादर, पवई, कुठेही येऊन भेटेन. इनपुट फाइल लगेच पाठवते.