लाकडी शेड: खांब मातीत पुरू नका

रोटाव्हेटर, नांगर आणि पेरणी यंत्रासाठी निलगिरीचे खांब थेट दोन फूट पुरून शेड करायचं म्हणताय, तेवढं टाळा. आम्ही तेच केलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात दोन खांब जमिनीलगत कुजले, उरलेल्यांना वाळवी. नंतर काँक्रीटचे पाये जमिनीच्या वर सहा इंच काढून त्यात लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि खांब बोल्टने आवळले. मात्र मग खांबांना मातीची पकड राहत नाही, त्यामुळे कोपऱ्यांत तिरके टेकू हवेतच. नाहीतर वळवाच्या वाऱ्यात पत्र्यासकट सगळं कलंडेल.

उघडी बाजू पूर्वेला ठेवा, आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते. गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, दहा फुटांचा तरी असू द्या. सहा फुटी रोटाव्हेटर आठ फुटांत मावतो, पण ट्रॅक्टर मागे घेताना खांबाला धडक बसते (आमच्या एका खांबावर अजून वण आहे). अवजार लाकडी ओंडक्यावर टेकवलं की पुन्हा ट्रॅक्टरला जोडताना पिना पटकन बसतात.

आणि पोटॅश खताच्या गोण्या तिथे अजिबात नकोत. मीठच ते, पाती गंजून जातात.