थकलेले भाडे आणि अनामत रक्कम

भाडेकरूने भाडे थकवले तर घरमालकाने काय करावे, या चर्चेत एकांनी 'दोन महिने भाडे थकले की कुलूप बदलून मोकळे व्हावे' असे सुचवले आहे, ते मला अजिबात पटत नाही, कारण अशाने भाडे बुडवणारा राहतो बाजूला आणि घरमालकच तक्रारीला उत्तर देत बसतो. इथे एक फरक सुटला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार जुन्या वाड्यातला संरक्षित (म्हणजे कायद्यामुळे सहज बाहेर काढता न येणारा) भाडेकरू आणि 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवान्यावर, राहणारा परवानाधारक यांचे मार्ग वेगळे आहेत. पहिल्याच्या बाबतीत घरमालकाला थकबाकीची लेखी नोटीस देऊन दावा लावण्याआधी 90 दिवस थांबावे लागते, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने सारी बाकी वार्षिक 15 टक्के व्याज व दाव्याच्या खर्चासह भरली, तर त्याला बाहेर काढता येत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र मुदत संपूनही जागा न सोडल्यास कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

कोथरूडमधल्या आमच्या सदनिकेत राहणारे गृहस्थ दर महिन्याला 'अनामतीतून वळते करून घ्या' असे इतक्या सौजन्याने सांगत, की चार महिन्यांत अनामत संपली तरी आम्हाला कळले नाही. आता करारात 'अनामत रक्कम चालू भाड्यापोटी वळती होणार नाही' हे वाक्य मी आवर्जून घालते आणि कराराची नोंदणी स्वतः करते, कारण याच अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाचीच आहे.