साडेचार वर्षांचा मुलगा शाळेत सगळं करतो, घरी काहीच नाही

गिरगावची_आई:
मुलगा ज्युनिअर केजीत आहे. टीचर म्हणतात डबा स्वतः उघडतो, हात धुतो, सँडल घालतो. घरी मात्र महाराज! दात मी घासायचे, आंघोळ आजीने घालायची, मोजे आजोबांनी. सकाळी पाणी भरा, डबे करा, खाली व्हॅनवाला हॉर्न मारतोय, मला लोकल गाठायची, मग मीच धडाधड कपडे चढवते त्याला. सासूबाईंना काही म्हटलं तर "लहान आहे गं अजून, करेल मोठा झाला की". तुम्ही कसं जमवलंत?

मुलुंडचा_बाबा:
सकाळी शिकवायच्या फंदात पडूच नका, त्या वेळी आपलंच डोकं ठिकाणावर नसतं. संध्याकाळी खेळून आला की कपडे बदलायचेच असतात, तेव्हा घ्या. पँट आपण गुडघ्यापर्यंत चढवायची आणि वर ओढायचं काम त्याचं, ते जमलं की घोट्यापर्यंतच चढवायची, मग पुढे सगळीच त्याची. म्हणजे शेवट कायम त्याच्या हातून होतो आणि "मी केलं" म्हणत घरभर फिरतो. शर्टाची बटणं खालून वर, कारण खालची त्याला दिसतात, गळ्याजवळचं दिसतच नाही. बुटांसाठी एक स्टिकर मधोमध कापून दोन्हींत आतून अर्धा अर्धा चिकटवा, चित्र जुळलं की पाय बरोबर. लेसचे बूट आत्ता घेऊच नका, वेल्क्रो बेस्ट.

दादरची_मावशी:
मी बालवाडीत शिकवायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं त्यात आंघोळ, नखं, केस विंचरणं हे शिक्षणच धरलेलं होतं, शाळेआधी उरकायचं काम नाही. तुमच्या घरात जागा नसेल, मान्य, पण दारामागे त्याच्या हाताला येईल असा एक हुक आणि मोरीत छोटा मग एवढं तर होतं ना? आणि त्याने कपडे उलटे घातले तर घरातल्या घरात राहू द्या, त्याच्यासमोर काढून परत घालू नका, पोरं तिथेच सोडून देतात. सासूबाईंशी वाद कशाला, "जा, आजीला दाखव" म्हणा, त्याच कौतुक करायला लागतील.
दातांचं मात्र वेगळं. त्याला घासू दे, पण नंतर ब्रश तुम्ही फिरवायचाच, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत. पेस्ट वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि गीझरचा नळ फक्त मोठ्यांनीच उघडायचा.

गिरगावची_आई:
हुक आजच लावते मावशी. आजीला दाखव वालं भारीच! पण एक राहिलं, शी धुवायचं कधी शिकवायचं? शाळेत तो चक्क धरून ठेवतो आणि घरी आल्या आल्या पळतो.

मुलुंडचा_बाबा:
आधी धरून ठेवण्याचं बघा, त्याने शी कडक होते, मग दुखतं आणि मग अजून धरतात. टीचरना सांगून ठेवा, आणि सकाळी दूध-नाश्ता झाला की थोडा वेळ बसवा, खाल्ल्यावर पोट आपोआप हलतं. धुणं आत्तापासून सुरू करा, पण शेवटचा हात तुमचा, एवढ्या वयात नीट पोचतच नाही. नंतर साबणाने हात. जेट स्प्रे देणार असाल तर आधी खालचा कॉक थोडा बंद करा, आमच्याकडे पहिल्याच दिवशी छत धुऊन निघालं होतं 😄