तपकिरी शिक्क्याची नोट

मेघना: अण्णाकाका, इथे न्यू जर्सीत डीलर या १० डॉलरच्या नोटेचे ६० देतोय. १९२९ ची आहे, शिक्का तपकिरी. देऊन टाकू?

अण्णाकाका: थांब गं. तपकिरी शिक्का दिसला म्हणजे नॅशनल बँकेचीच, म्हणजे सरकारी परवान्यावर नोटा काढणाऱ्या स्थानिक खासगी बँकेचीच, असं नाही. दोन्ही बाजूंना काळ्या शाईत काय आहे, अक्षर की उभा आकडा? ए ते एल पैकी अक्षर असेल तर फेडरल रिझर्व्ह बँकेची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेची. त्या बहुतेक ढिगाने मिळतात. आकडा असेल तर तो चार्टर नंबर, म्हणजे त्या नॅशनल बँकेच्या परवान्याचा क्रमांक. मग बोलू.

मेघना: आकडा आहे. सिरियल डी०००३१२ए.

रोहनदादा: या नोटांचे छपाईचे दोन प्रकार. शेवटी ए, म्हणजे टाइप १. सहा नोटांचा एक ताव, सहाही नोटांना नंबर तोच, फक्त पुढचं अक्षर ए ते एफ. तुझी तावातली चौथी. टाइप २ ला शेवटचं अक्षर नसतं, आणि सिरियलशेजारी चार्टर नंबर तपकिरीत पुन्हा छापलेला असतो. नोटेवर मालिकेचं साल १९२९ च असतं, पण टाइप २ १९३३ ते ३५ एवढीच निघाली, म्हणून पुष्कळ बँकांची तीच मिळत नाही.

अण्णाकाका: आता गाव बघ. ‘फर्स्ट नॅशनल बँक’ गावोगाव होती, त्या नावाला काही किंमत नाही. संग्राहकांनी चार्टरवार नोटांची शिरगणती ठेवलीय. मोठ्या शहरातली बँक असेल तर ६० ठीक. लहान गावातली आणि यादीत दोन-तीनच असतील तर त्या राज्याचे संग्राहक तुटून पडतात. या नोटांमागे बँका सरकारी बाँड तारण ठेवत; १९३५ मध्ये सरकारने ते बाँड फेडले, परत आलेल्या नोटा नष्ट केल्या. छोट्या बँकांचं फारसं उरलंच नाही.

सुनंदाकाकू: मधोमध घडी दिसतेय. हलकी इस्त्री फिरव की.

अण्णाकाका: अगं, तेच करायचं नाही! दाबलेली नोट तिरप्या उजेडात कळते. कागदाचा छपाईचा उठाव बसतो. धुणं, पेन्सिल खोडणं, कडा कापणं, सगळंच भावाला मारक. मेघना, उजेडासमोर धरून टाचणीची भोकं बघ.

रोहनदादा: पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नकोस, काही वर्षांनी चिकट होतं. मायलरचं, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मचं, घे. आणि भाव बघताना मागितलेला नाही, लिलावात विकला गेलेला बघ. तोच चार्टर, तोच टाइप, तशीच अवस्था.

मेघना: ग्रेडिंगला, म्हणजे फी घेऊन नोटेची अवस्था ठरवून देणाऱ्यांकडे, पाठवू?

रोहनदादा: आत्ता नको. साधी निघाली तर फी आणि टपालातच नफा जाईल. आधी चार्टर नंबर टाक इथे.